भाच्याचा पगार

जगभरचे सामने बंद होते तेव्हाही आमच्या वृत्तपत्राचं क्रीडा पान रोज निघत होतं. पान बंद करण्याचा निर्णय कुणी घेतला नव्हता, म्हणून ते भरण्याचं काम माझ्याकडे राहिलं. मी लोधिवलीला घरी होतो. ओटीवर टेबल, टेबलावर कार्यालयाचा लॅपटॉप आणि समोर जुना महामार्ग. त्यावरून दुधाचे टेंपो आणि रुग्णवाहिका जात, बाकी काही नाही. खेळ नसताना खेळाच्या बातम्या करणं मला ज्या सहजतेने जमलं, ते पाहता माझ्या बातम्यांना खेळाची आधीही फारशी गरज नव्हती असं म्हणायला जागा आहे.

माझी पात्रताही नोंदवून ठेवतो. कॅरमखेरीज मी काही खेळलेलो नाही. मैदानावर बसून फुटबॉलचा सामना पाहिला तो एकच, साजगावला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाचा. तोही अर्धा. पावसाची सर आली आणि मी स्कूटरची सीट भिजू नये म्हणून उठलो, ते उठलोच. भाच्याचा संघ जिंकल्याचं मला दुसऱ्या दिवशी आमच्याच पानावर वाचून कळलं.

तर त्या काळात विलायतेतल्या मोठ्या क्लबांच्या खेळाडूंनी पगार कमी करून घ्यावा की नाही, असा वाद तिकडे पेटला होता. वृत्तसंस्थेच्या तारेवर मजकूर भरपूर येत होता. मी त्यावर लेख लिहिला. माझं म्हणणं स्पष्ट होतं. स्टेडियम रिकामी आहेत, तिकिटं विकली जात नाहीत. गवत कापणारे, दारावर उभे राहणारे, जर्सी धुणारे यांच्यावर घरी बसायची वेळ आली आहे. अशा वेळी ज्यांच्या गाड्यांनाच स्वतंत्र घर लागतं, त्या खेळाडूंनी पगाराचा मोठा हिस्सा आपणहून सोडावा. कुणी मागण्याची वाट पाहू नये. सूर करडा होता. वाचताना असं वाटावं की हे खेळाडू सकाळी उठून पहिल्यांदा माझाच लेख उघडतात.

वृत्तपत्रात मजकूर खालून कापतात. नव्या उपसंपादकांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. महत्त्वाचं वर ठेवायचं, सोडता येईल ते खाली. माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद असा होता की हे सगळं बड्या खेळाडूंपुरतं आहे. आपल्याकडच्या छोट्या क्लबांतली मुलं तुटपुंज्या मानधनावर खेळतात, त्यांच्या पगाराला हात लावणं अन्यायाचं ठरेल. हा परिच्छेद लिहिताना डोळ्यांसमोर भाचाच होता. संध्याकाळी जाहिरात विभागाचा फोन आला. हात धुण्याच्या साबणाची जाहिरात आली होती आणि ती माझ्याच लेखाखाली बसवायची होती. मी तो परिच्छेद स्वतः काढला. जाहिरात ओळीला ओळ लागून बसली, याचं समाधानही वाटलं. मथळा दोन स्तंभांत मावेना, तेव्हा ‘विलायतेतल्या’ हा शब्द गेला. उरलं ते असं: ‘फुटबॉलपटूंनो, पगार सोडा!’

एरवी यातून काही बिघडलं नसतं. मी इतकी वर्षं लिहितो आहे आणि आमच्या भागात कुणी ते वाचल्याचा पुरावा नाही. पण तेव्हा घरोघर पेपर टाकणं थांबलं होतं, आणि कार्यालयाने पानांच्या पीडीएफ मोकळ्या सोडल्या होत्या. लोक घरात बसून होते. हातात मोबाइल होता. माझा लेख चौक गावापासून खोपोलीपर्यंतच्या आणि पुढे कर्जतच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरला.

आमच्या या सगळ्या भागात पोरं कबड्डी खेळतात आणि क्रिकेट खेळतात. फुटबॉल खेळून पगार घेणारा लोकांना ठाऊक असलेला माणूस एकच होता.

ताईचा फोन आला.

“पेपरात काय लिवलंस रं?”

“कशाबद्दल?”

“आता कशाबद्दल म्हून मलाच विचारतोय. पोराचा पगार कापा म्हून लिवलंस. सख्खा मामा ना रं तू?”

“ताई, ते इंग्लंडमधल्या खेळाडूंबद्दल आहे.”

“इंग्लंडात कोन वाचतंय तुला?”

 

मामाने भाच्याकडे मागू नये, अशी आमच्याकडची रीत. मामाने द्यायचं, भाच्याने घ्यायचं. मी दोन स्तंभांत, मोठ्या टाइपात, सगळ्या तालुक्यासमोर मागितलं होतं. पण ताई चिडली होती ती एवढ्यासाठी नाही. भाच्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगी कर्जतकडच्या एका गावातली. साजगावच्या औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. येता-जाता ताईच्या दारावरूनच तिची वाट, आणि ताईने तिला तिथूनच हेरली होती. मुलीच्या वडिलांना शंका एकच होती. मुलगा खेळतो ते ठीक, पण करतो काय? पहिल्या भेटीत या शंकेसाठी मला मुद्दाम नेलं होतं. फुटबॉल हा आता कसा भरवशाचा पेशा झाला आहे, हे मी त्यांना चहाचा कप हातात घेऊन समजावलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. त्यानंतर सगळं बंद झालं आणि मग त्यांच्या मोबाइलवर पीडीएफ आली.

“तिच्या बापाचा फोन आलावता,” ताई म्हणाली. “म्हनं, तुमचाच भाऊ लिवतोय पगार सोडा म्हून, मंग आमी पोर कशाच्या जिवावर द्यायची? सांग, काय सांगू त्यास्नी?”

“मी समजावतो.”

“तू नको समजावू. दुरुस्ती छाप. चूक झाली म्हून.”

मी तिला दुरुस्तीचे नियम सांगितले. वस्तुस्थितीत चूक असेल तर दुरुस्ती छापतात. हा लेख मताचा होता. मत चुकत नाही, त्याच्याशी असहमत होता येतं. असहमती असेल तर वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र पाठवावं, शब्दमर्यादा पाळावी. हे मी बहिणीला सांगितलं. मागून भावोजींचा आवाज आला, “ठेव फोन. जास्त बोलू नको त्याच्याशी, छापंल तो.”

भाचा मात्र काही बोलला नाही. तो मुळातच कमी बोलतो. बचावफळीत डाव्या बाजूला खेळतो, आणि त्या जागेवर बोलण्यासारखं फार घडत नसावं असा माझा समज आहे. मुंबईतल्या एका छोट्या क्लबशी त्याचा करार होता. टाळेबंदीत तो साजगावला आला होता. सकाळी बांधाबांधाने पळायचा आणि दुपारी अंगणात एकटाच चेंडू पायावर तोलत राहायचा. शेजारचे लोक ताईला विचारायचे, पोराला बरं नाय का? माझा लेख त्यालाही कुणीतरी पाठवला असणार, कारण त्याने मला अंगठ्याचं चिन्ह पाठवलं होतं. ते मी सौजन्यापोटी आलेलं मानलं.

निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला, एकदा समोरासमोर बसू. निरोपाच्या शेवटी जोड होती, लेखवाल्या मामांना आणा. ताई मला म्हणाली, “ही सोयरीक मोडली तर तुझं तोंड नाय बघनार. आन् तिथं विचारलं तेवढंच बोल.” आम्ही दोन मोटारसायकलींवर गेलो. भाच्याच्या मागे ताई, भावोजींच्या मागे मी. वाटेत भावोजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. खड्डे मात्र त्यांनी एकही चुकवला नाही.

अंतर पाळायचं म्हणून अंगणात खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. इतक्या लांब, की पगारासारखी नाजूक गोष्ट ओरडून बोलावी लागत होती. कुंपणापलीकडे शेजारची एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. तिला कमी ऐकू येत असावं, पण तिचा बोलण्यात भाग घ्यायचा निश्चय पक्का होता.

मुलीचे वडील भाताची शेती करणारे, शिवाय दारात एक टेंपो. शांत माणूस. त्यांनी सुरुवातच अशी केली, “मामा, तुमचा लेख वाचला. आमाला पटला.”

मी आभार मानले.

“पटला म्हून तर अडचन हाय. ज्याच्याकडं हाय त्यानं अडचनीच्या वक्ताला सोडाया पायजे. बरोबर लिवलंय. पन मंग जावयानं सोडलं तर आमच्या पोरीनं काय करायचं?”

“अहो, तो लेख मोठ्या खेळाडूंसाठी होता. हा मोठा नाही.”

हे वाक्य तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मुलाच्या बाजूने आलो आहे. ताईने खुर्ची थोडी पुढे ओढली.

“मंग लिवलंय कुठं तसं?” असं म्हणून ते उठले, मोबाइल मधल्या तिपाईवर ठेवला आणि मागे सरकून बसले. मी उठलो, पुढे गेलो, मोबाइल घेतला, वाचला, परत ठेवला, मागे येऊन बसलो. लेख चांगला होता. मात्र त्यात तसं कुठेही नव्हतं.

“शेवटी होतं,” मी म्हणालो.

“शेवटी तर हात धुवा लिवलंय.”

“काय धुवा?” कुंपणापलीकडून म्हातारीने विचारलं.

“हात, आये, हात!”

“धुतले रं सकाळी.”

मग मी बोलायला लागलो. ताईने बजावलं होतं विचारलं तेवढंच बोल, पण समोर अडलेला मुद्दा दिसला की मला राहवत नाही. मी म्हणालो, खेळाडूचे पाय किती वर्षं टिकतात? गुडघा गेला की नोकरी गेली, निवृत्तिवेतन कुणी देत नाही. क्लबला नफा झाला तेव्हा मालकाने तो खेळाडूंना बोलावून वाटला होता का? नाही. मग तोटा आल्यावरच सगळे भागीदार कसे होतात? गवत कापणाऱ्याचा पगार देणं हे मालकाचं काम आहे. तो खेळाडूच्या खिशातून दिला, तर उपकार खेळाडूचा आणि बचत मालकाची. मोठ्या पगारातून मोठा करही जातो, तो पगार कापला की सरकारी दवाखान्याला जाणारा पैसाही कमी होतो. मी बराच वेळ बोललो. अंगण मोठं असल्याने आवाजही चढा होता. माझ्या लेखाचं इतकं सडेतोड खंडन दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर मी ते जागेअभावी परत केलं असतं.

मुलीचे वडील लक्ष देऊन ऐकत होते. “हे बी बरोबर हाय,” ते म्हणाले. “मंग हेच का नाय लिवलं?”

“जागा नव्हती.”

“असू द्या. आता समजलं. म्हंजी पोरानं पगार सोडायचा नाय. मंग आमची ना नाय.”

ताईचे खांदे खाली आले. भावोजींनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी तिपाईवरच्या चहाकडे निघालो, आणि मी अर्ध्या वाटेत असताना भाचा म्हणाला, “मी सोडलाय.”

“काय सोडलं?” म्हातारी.

“पगार,” भाचा तिच्याकडे वळून म्हणाला. तो वडीलधाऱ्यांना नीट उत्तर देतो, तशी त्याला शिकवण आहे. मग आम्हा सगळ्यांना त्याने सांगितलं, “सगळा नाय. निम्म्याच्या वर. क्लबनं विचारलं होतं, आपखुशीनं कोण कमी घेतो का. मैदानाला पाणी मारणारे एक काका आहेत, कपडे धुणारा आहे, त्यांना चालू ठेवायचं होतं. मी हो म्हणलो.”

“कोनी सांगितलं तुला हो म्हनायला?” ताई.

“त्याच दिवशी मामाचा लेख आला ना. मग म्हणलं, मामा लिवतोय म्हणजे विचार करूनच लिवलं असंल.”

“बाकीच्यांनी सोडला?” मी विचारलं.

“कॅप्टन म्हणला, बघू.”

मी चहाशी पोहोचलो होतो आणि आता परत कसं फिरायचं हे ठरत नव्हतं. विलायतेत कुणी माझं ऐकलं नाही, हे उघडच होतं. देशातल्या मोठ्या क्लबांतही कुणी ऐकलं नाही. माझ्या लेखनाचा परिणाम झालेला फुटबॉलपटू उभ्या जगात एकच निघाला, आणि त्याचा मूळ पगार साजगावच्या कारखान्यातल्या कायम कामगाराइतकाही नव्हता. त्याच्यासाठी लिहिलेला परिच्छेद मी साबणाच्या वडीएवढ्या जागेसाठी काढला होता. ताई माझ्याकडे बघत होती. तोंडावर मास्क होता, तरी पुरेसं दिसत होतं.

मुलीच्या वडिलांनी मोबाइल उचलून खिशात टाकला. बोलणं संपल्यासारखी ती हालचाल होती.

मुलगी चहा ठेवून दारात उभी होती. ती तिथूनच भाच्याला म्हणाली, “एक विचारू? क्लबने विचारलं होतं म्हणालात. म्हणजे नको म्हणता आलं असतं?”

“हो.”

“आमच्याकडे विचारलं नाही. खात्यात कमी जमा झाला तेव्हा कळलं.”

वडील वळले. “तुजा कापलाय? कवा?”

“झाला की मागेच. तुम्हाला सांगून वाढणार होता का बाबा?”

“अगं पन सांगायचं तरी.”

“तुम्ही ह्यांच्या पगाराच्या काळजीत होता. त्यात आणखी माझी कुठं?”

मलाही कार्यालयाने विचारलं नव्हतं. एक ईमेल आला होता, त्यात सहकार्याबद्दलचे आभार आधीच मानले होते. पण तिथे ते सांगणं प्रशस्त वाटलं नाही. पगार सोडू नये यावरचं माझं भाषण अजून अंगणात ताजं होतं.

मुलगी भाच्याला म्हणाली, “सोडला ते वाईट केलं असं नाही म्हणत मी. त्या काकांचं घर चाललं ना त्यावर?”

“चाललं. फोन असतो त्यांचा.”

“मग पुढच्या वेळी हो म्हणायच्या आधी घरात विचाराल?”

“विचारीन.”

“घरात म्हणजे मला. मामांना नाही.”

“तुलाच,” भाचा म्हणाला. आत्तापर्यंत तो तिला अहोजाहो करत होता. एकदम ‘तू’ म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली. तिच्या लक्षात आलं होतं की नाही, ते मास्कमुळे कळलं नाही.

मग वडील भावोजींना म्हणाले, “पाव्हने, एक इचार येतो मनात. मामाचा लेख वाचून जो पगार सोडतो, तो कुनाचंबी ऐकनारा पोरगा हाय. मंग आमच्या पोरीचंबी ऐकंल.”

“ऐकंल,” भावोजी म्हणाले. “तसा तो भोळाच हाय.”

“जमलं काय रं?” म्हातारीने कुंपणावरून विचारलं.

“जमलं, आये!”

अशा रीतीने लग्न ठरल्याची बातमी पहिल्यांदा शेजारी पोहोचली. मी ती सगळ्यांत शेवटी ऐकली, कारण मी तेव्हा चहाचे रिकामे कप तिपाईवर जुळवत होतो.

परत येताना ताई मोटारसायकल थांबवून माझ्यापाशी आली. “कापला कोनी?” तिने विचारलं.

“क्लबने.”

“कोनी कापला?”

“मी.”

“मंग आता भरायचं कोनी?”

नवरदेवाचा पोशाख मामाने करायचा, एवढी आमच्याकडची रीत आहे. ताईने त्या दिवशी रीत वाढवली. पोशाख, मांडव, दोन्ही घरची जेवणं. माणसं थोडीच बोलावता येत होती, ही त्यातल्या त्यात माझी बाजू होती. कार्यालयातून कापून आलेल्या पगारात ते बसवताना मी माझ्या खर्चाची मांडणी वरून खाली केली, आणि नेहमीच्या सवयीने खालून कापत गेलो. सर्वांत खाली मी लॅपटॉपसमोर बसायची नवी खुर्ची लिहिली होती. आजही मी त्याच लाकडी स्टुलावर बसून हे लिहितो आहे.

लग्न ताईच्या अंगणात झालं. मामाने नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो, मास्क लावून, हातात अक्षता घेऊन. भटजी मंगलाष्टकं म्हणायला लागण्याच्या बेतात असताना मुलीचे वडील माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “मामा, आज भाषन नको.”

सामने पुन्हा सुरू झाले. क्रीडा पानाला खेळ मिळाला, पानात फारसा फरक पडला नाही. पुढच्या हंगामाच्या तोंडावर भाच्याचा फोन आला.

“मामा, क्लब पगार पहिल्यासारखा करतोय.”

“चांगलं झालं. घे की मग.”

“घेतला. हिला विचारलं आधी.”

“मग मला कशाला फोन केलास?”

“हीच म्हणली, मामांना कळवा. ते काका बी हायत अजून मैदानावर, तुला नमस्कार सांगितलाय त्यांनी. लेखाचं मीच सांगितलं त्यांना.”

तेवढ्यात तिने फोन घेतला.

“मामा, ह्यावर काही लिहिणार नाही ना?”

“छे.”

“लिहाल तुम्ही. पण नावं घालू नका कुणाची.”

“नाही घालणार.”

“आणि आमचं असेल ते वर लिहा. खाली नको.”